एका तारखेचे तीन मांडव

१ ऑगस्टला सकाळी नाशकातल्या कुठल्याही शाळेत डोकावलं तर टेबलावर दोन तसबिरी दिसतात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णा भाऊ साठ्यांची. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० रोजी आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले, त्यामुळे पुण्यतिथी आणि जयंती एकाच नारळात उरकते. मग पाचवी-सहावीतली पोरं ओळीनं उठतात, शेंगा आणि टरफलांची गोष्ट सांगतात आणि टाळ्या घेऊन बसतात. अण्णा भाऊंच्या वाट्याला एखादी मुलगी येते. तिच्या भाषणात दीड दिवसाची शाळा येते, मुंबईपर्यंतची पायपीट येते आणि तिथंच भाषण संपतं. अण्णा भाऊंनी लिहिलं काय, ते गात काय होते, त्यांच्या वगाला हजारोंची गर्दी का व्हायची, यातलं एक अक्षर त्या पोरांच्या कानावर पडत नाही.

याच तारखेला आणखी दोन मोठे कलावंत जन्मले. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, १९१३ साली अमरावतीत. आणि महजबीन बानो, म्हणजे मीनाकुमारी, १९३३ साली मुंबईत. यांना शाळेच्या टेबलावर जागा नाही. भगवानदादा त्या दिवशी मोबाइलच्या स्टेटसवर अर्धा मिनिट नाचून जातात. मीनाकुमारी रात्री उशिरा जुन्या गाण्यांच्या शौकिनांमध्ये निघते, तीही बहुतेक दारू आणि दुःखाच्या गोष्टींसकट. अण्णा भाऊंची मिरवणूक संध्याकाळी वस्तीतून निघते, बॅन्जोवर नाहीतर डीजेवर, आणि मेनरोडला राहणारा माणूस 'आज ट्रॅफिक कशाचं?' एवढंच विचारतो. तारीख एक आणि मांडव तीन. या मांडवातला माणूस त्या मांडवात पाऊल ठेवत नाही.

हे तिघं एका संध्याकाळी एका मंचावर यायला हवेत, असं माझं म्हणणं आहे. तेही हार घालून नाही, तर त्यांचं काम दाखवून, ऐकवून. हे नाशकानं करावं असंही वाटतं, आणि त्याची कारणं नुसत्या गावाच्या अभिमानाची नाहीत.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: तारीख हा निव्वळ योगायोग, त्यावर कसला कार्यक्रम? मान्य. आपल्याकडे मास्तरांनी १ जूनला जन्माला घातलेली माणसं घरटी एक निघतील, त्यांचं काही एकमेकांशी नातं लागत नाही. पण इथं योगायोगच कामाचा आहे, कारण निवड कोणी केलेली नाही. समिती बसली असती तर अण्णा भाऊंच्या शेजारची खुर्ची मीनाकुमारीला कधीच मिळाली नसती. कोणी म्हणालं असतं, हा लोकशाहिराचा अपमान. कोणी म्हणालं असतं, सिनेमावाल्यांचं इथं काय काम? तारखेला जात कळत नाही, पक्ष कळत नाही, साहित्य कुठं संपतं आणि करमणूक कुठं सुरू होते तेही कळत नाही. आपल्या सांस्कृतिक समित्यांना या तिन्ही गोष्टी फार लवकर कळतात.

आणि एकदा शेजारी बसवलं की या तिघांत सारखेपणा दिसायला लागतो. तिघंही लहानपणीच पोटासाठी कामाला लागले. मीनाकुमारी सहा-सात वर्षांची असतानाच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि घर तिच्या कमाईवर चाललं. भगवानदादांचे वडील गिरणी कामगार, दादांनीही आधी मजुरी केली. अण्णा भाऊ वडिलांबरोबर पायी मुंबईला आले आणि त्यांनी पडेल ते काम केलं, गिरणीतही राबले. शाळेचा दाखला तिघांकडेही सांगण्यासारखा नव्हता. आपण शाळेतल्या पोरांना अण्णा भाऊंच्या दीड दिवसाचं कौतुक सांगतो तेव्हा शाळा सुटण्यामागं काय होतं, हे सांगायचं टाळतो. मीनाकुमारीची शाळा का सुटली आणि अण्णा भाऊंची का सुटली, याची कारणं शेजारी शेजारी ठेवली तर बालमजुरीवर इतका चांगला तास दुसरा होणार नाही.

दुसरं साम्य प्रेक्षकांचं. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर बसायचा तो गिरणगाव. भगवानदादांनी कमी खर्चातले मारधाडीचे सिनेमे काढले, त्यांचं तिकीट काढणाराही हाच माणूस होता: पाळी संपवून आलेला, पुढच्या रांगेतला, शिट्टी मारणारा. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा उचलला आणि गण, म्हणजे सुरुवातीचं वंदनगीत, बदलला. गणपतीला वंदन करून उभा राहणारा गण त्यांच्या वगात मायभूला आणि शिवछत्रपतींना वंदन करून उभा राहिला. समोरच्या माणसाला हे लगेच उमगलं, कारण बाकीचा ठेका त्याच्या ओळखीचा होता. लोकांची जुनी चाल मोडायची नाही, तिच्यात नवं भरायचं, ही कारागिरी आहे. तिच्यावर आपण बोलत नाही. आपण 'साहित्यरत्न' म्हणतो आणि मोकळे होतो.

भगवानदादांची कारागिरी तर आपल्या पायांत आहे. गणेश विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मेनरोड, रविवार कारंजा करत गोदाघाटाकडे सरकते. ढोल नाशिकचे, त्यांचं नाव जगभर झालंय. त्या ढोलांमागं गर्दीत नीट बघा. पथकातली तालमीत घोटलेली पोरं सोडा, मागं चालणारी पन्नाशीची माणसं बघा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीवरून जेमतेम सुटतंय, खांदा आधी हलतो आणि कंबर मागून येते, एक हात छातीशी आणि दुसरा हवेत गोल फिरतोय, चेहऱ्यावर आपण फार भारी नाचतोय असा शांत आत्मविश्वास. हा नाच कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. तो १९५१च्या 'अलबेला'तून आला, गीता बालीशेजारी नाचणाऱ्या एका बुटक्या, जाडसर, कुठल्याच अंगानं हिरो न वाटणाऱ्या माणसाकडून. चाल बांधणारे सी. रामचंद्रही आपल्याच बाजूचे, पुणतांब्याचे. ज्याला नाचता येत नाही त्यालाही नाचता येईल असा नाच या माणसानं देशाला दिला. गावोगावच्या वराती आणि मिरवणुका त्यावर चालल्या. पुढं पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. गणपतीची मिरवणूक त्या चाळीखाली थांबायची, त्यांचं गाणं वाजायचं आणि म्हातारे दादा खाली येऊन दोन पावलं नाचायचे, असं सांगतात. फेब्रुवारी २००२मध्ये ते गेले.

आता कोणी म्हणेल, लोक त्यांचा नाच नाचताहेत, याहून मोठं स्मारक ते कोणतं? नावाची गरजच काय? हे वाक्य ऐकायला छान आहे आणि माझा त्याच्यावर अजिबात विश्वास नाही. नाव पुसलं गेलं की श्रेय पुढच्या देखण्या माणसाकडे जातं. तो ठुमका मागाहून मोठमोठ्या नटांनी उचलला, आणि आजच्या पोराला तो त्या नटांचाच वाटतो. बिननावाची आठवण गरीब कलावंतांच्याच वाट्याला का येते, हे एकदा विचारून बघावं. श्रीमंतांच्या नावाची पाटी लागते, गरिबांची कला 'लोककला' होते.

भगवानदादांचं नाव घेतलं की नाशिकच्या माणसाला आणखी एक नाव घ्यावं लागतं आणि नेमकं तेच घेतलं जात नाही. ललिता पवार येवल्याच्या, जन्म १८ एप्रिल १९१६. मूकपटांपासून काम करणारी, नायिकेच्या भूमिका मिळवणारी देखणी मुलगी. १९४२मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात तिच्या मुस्काटात मारायची होती. मारणारे होते भगवानदादा. थप्पड खरीच बसली आणि जोरात बसली. तिच्या डाव्या डोळ्याची शीर दुखावली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, काही वर्षं उपचारांत गेली आणि नायिकेचं आयुष्य तिथं संपलं. उरलं ते खाष्ट सासूचं. त्या अधू डोळ्याची तिनं पुढं अशी धार केली की १९८७मध्ये दूरदर्शनवर मंथरा म्हणून ती दिसली तेव्हा घराघरांत बायका तिला शिव्या घालत होत्या. 'अनाडी'तली वरून कडक आणि आतून मायाळू मिसेस डिसाही तीच, हे त्यांना आठवत असेल-नसेल.

जयंतीच्या दिवशी हे काढायचं का? काढायचं. जयंती म्हणजे काही खटला नव्हे, आणि झाला तो अपघात होता. पण कलावंताची आठवण काढायची तर त्याच्या हातून दुसऱ्या कलावंताचं काय झालं, हेही त्याच आठवणीत येतं. तेव्हाच्या स्टुडिओत अशा मारामारीच्या प्रसंगात नटीच्या जिवाची काळजी कोण घेत होतं? नुकसान झालं तर भरपाई कोण देत होतं? हे प्रश्न विचारायला १ ऑगस्टसारखा दिवस नाही. येवल्याला पैठणी माहीत आहे, तात्या टोपे माहीत आहेत, १९३५ची बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा माहीत आहे. एवढा मोठा इतिहास असलेल्या गावात एका नटीला जागा कमी पडते, हे मी समजू शकतो. पटत मात्र नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अण्णा भाऊंना सिनेमावाल्यांच्या ओळीत बसवलं की त्यांचं धारदारपण बोथट होईल, वस्तीनं जपलेला माणूस वरच्या लोकांच्या करमणुकीत विरघळून जाईल, अशी भीती कार्यकर्ते बोलून दाखवतात. ती खोटी नाही. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ला हलाखीत गेले, तेव्हा साहित्याच्या मोठ्या मंचांना त्यांची फारशी पडलेली नव्हती. 'फकिरा' कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला होता, तरी. पुढं पन्नास वर्षं ज्यांनी वर्गणी काढून, मांडव घालून, पावसात मिरवणूक काढून हे नाव जिवंत ठेवलं ती मातंग वस्ती होती. आज मॉस्कोत पुतळा आहे, सरकारी परिपत्रकात जयंती आहे, ही त्या वर्गणीची फळं. तेव्हा 'तुम्ही अण्णा भाऊंना जातीपुरतं ठेवलं' असं त्या मंडळांना सुनावणाऱ्यांनी आधी आपण त्या मिरवणुकीत कधी गेलो होतो ते सांगावं. जातीपुरतं त्यांनी ठेवलं नाही, बाकीचे आलेच नाहीत.

म्हणून एकत्र कार्यक्रम म्हणजे वस्तीची मिरवणूक बंद करून सगळ्यांनी नाट्यगृहात यावं, असा त्याचा अर्थ नाही. मिरवणूक तिथंच राहू दे. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या माणसानं संध्याकाळी उठून अण्णा भाऊंची छक्कड, म्हणजे तमाशाच्या ढंगाचं गाणं, ऐकायला यावं आणि त्याच मंचावर 'अलबेला' बघायला भद्रकालीच्या माणसानं यावं, एवढंच.

तिसरी अडचण माझी मलाच दिसते. एका दिवशी दोन नावं आली की मोठं नाव लहान नावाला गिळतं. आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक १५ ऑगस्टला जन्मले, १९२२ साली. आंबेडकरी जलशाचा एवढा मोठा कवी, मोठेपणी अक्षरओळख झालेला, हजारो गाणी रचणारा. पण त्या दिवशी झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन सगळे घरी जातात, वामनदादा भीमनगरांपुरते उरतात. फाळके त्र्यंबकेश्वरचे, ३० एप्रिल १८७०. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, सलग सुट्टी, शहर बाहेरगावी. कुसुमाग्रजांचं तर भलतंच झालं. २७ फेब्रुवारीला मराठीचा दिवस इतका मोठा होतो की त्या गर्दीत शिरवाडकरांची नाटकं कोणी वाचत नाही. शाळेच्या टेबलावर टिळकांपुढं अण्णा भाऊंचं होतं तेच.

याच्यावर उपाय आपल्या नाट्यगृहाच्या दारावरच लिहिलेला आहे. शालिमारचं कलामंदिर महाकवी कालिदासांच्या नावाचं. कालिदास कधी जन्मला हे कोणाला ठाऊक नाही, तरी आपण त्याचा दिवस पाळतो, आषाढाचा पहिला. का? तर 'मेघदूता'तला यक्ष त्या दिवशी ढग बघतो म्हणून. म्हणजे कवीचा दिवस त्याच्या कवितेतल्या ओळीवरून ठरला. कामाला धरून आठवण काढली तर ती दीड हजार वर्षं टिकते आणि तिला कोणी गिळत नाही. फोटोला धरून काढली तर मोठा फोटो जिंकतो. हल्ली तर फ्लेक्सवर कोपऱ्यातल्या कलावंतापेक्षा शुभेच्छुक भाऊंचं तोंड मोठं असतं, म्हणजे तोही जिंकत नाही.

मीनाकुमारीच्या बाबतीत हे आणखी गरजेचं आहे. १९६३च्या फिल्मफेअरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं तिचीच होती, स्पर्धा तिची तिच्याशीच. बाईचं हे कर्तृत्व सोडून आपण तिच्या पेल्याविषयी बोलतो. 'नाज' या नावानं ती शायरी करायची, तिच्या मागं गुलजारांनी ती पुस्तकरूपानं आणली. नाशिक जिल्ह्यात ही शायरी नीट वाचू शकणारं आणि ऐकू शकणारं गाव आहे, मालेगाव. यंत्रमागाचं गाव, उर्दूचं गाव, मुशायऱ्यांचं आणि सिनेमाच्या वेडाचं गाव. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे आहे आणि नाशकातल्या मराठी रसिकाला मालेगावची बातमी बहुतेक दंगल नाहीतर निवडणुकीचीच येते. मालेगावच्या एखाद्या मुलीनं कलामंदिरात 'नाज'ची नज्म वाचावी आणि त्यानंतर सिन्नरच्या शाहिरानं डफावर थाप मारावी, याला मी जयंती म्हणेन.

खर्चाचं आणि हक्कांचं म्हणाल तर दोन गोष्टी सोप्या आहेत, एक नाही. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९५१चा 'अलबेला' आणि १९६२चा 'साहिब बीबी और गुलाम' या हिशेबानं मोकळे झाले. गाण्यांचे शब्द आणि चाली यांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेवढं आधी वकिलाला विचारून घ्यावं. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे अण्णा भाऊंचं लेखन २०२९ संपेपर्यंत हक्कदारांच्या परवानगीनंच मंचावर आणायचं. ती मागायला जाणं हाही आठवणीचाच भाग आहे, आणि मानधन द्यायला लागलं तर द्यावं. फाळक्यांच्या नाशकातल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा १९१९चा 'कालिया मर्दन' बराचसा शिल्लक आहे. तो ३० एप्रिलला इथं पडद्यावर लावायचा तर हक्कांचा प्रश्नही उरलेला नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी एवढं मोठं फाळके स्मारक बांधलं, त्याच्या डागडुजीवर वर्षानुवर्षं चर्चा झाल्या. पण नाशकात तयार झालेला सिनेमा नाशिककरांच्या किती पिढ्यांनी बघितलाय?

हे महापालिकेनं करावं की सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४०पासून चालत आलेल्या संस्थेनं, यावर मी भांडणार नाही. वाचनालयाकडं स्वतःचं सायखेडकर नाट्यगृह आहे, ऑगस्टच्या पावसात डोक्यावर छप्पर लागतं, तेवढी सोय पुरे. एकच अट: भाषणं दहा मिनिटांच्या वर नकोत आणि दीपप्रज्वलनाला पाचापेक्षा जास्त माणसं नकोत.

२०२७ साली १ ऑगस्टला रविवार आहे, म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. आदल्या दिवशी शालिमारपर्यंत रिक्षा तर सोडाच, सायकल पोचली तरी खूप. त्या वर्षी कार्यक्रम येवल्यात घ्यावा. ललिताबाईंच्या गावात भगवानदादांचा सिनेमा लागावा, आधी थपडेची हकीकत सांगितली जावी आणि मग दिवे मालवावेत. मालेगाव तिथून जवळ पडतं, शाहिरांना सिन्नरहून सरळ रस्ता आहे. विणकरांच्या मागांना सुट्टी कोणत्या वारी असते तेवढं विचारून वेळ ठरवावी, म्हणजे खुर्च्या रिकाम्या राहणार नाहीत.